बादल्यांचा रकाना

सरांनी दिलेला तक्ता अजून माझ्या कपाटात आहे, वरून तिसऱ्या फाइलमध्ये. त्यात बेचाळीस रकाने आहेत. त्यांतले मला किती कळले, हे मी आजवर तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. एरवी माझं असं होत नाही. पॉलिटेक्निकच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी वीस वर्षं काढली. कुठल्या खोलीतला कुठला बल्ब कधी बदलला, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. माझ्या याद्यांना मुली हसायच्या, आणि काही हरवलं की त्याच मुली याद्या बघायला यायच्या.

सर मात्र माझ्या कुठल्याच यादीत बसले नाहीत.

ते स्थापत्य विभागात शिकवायचे. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. लग्न केलेलं नव्हतं. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, आणि गळ्यात पायजम्याच्या नाडीला बांधलेला थर्मामीटर. पहिल्या दिवशी ते आमच्या फाटकातून आत आले तेव्हा दोन मुलींनी त्यांना डॉक्टर समजून जीभ दाखवली. सरांनी दोन्ही जिभा नीट बघितल्या, "ठीक आहे" म्हणाले आणि पुढे जाऊन भिंतीला हात लावला.

ते आले त्याचं कारण असं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. संस्थेत कॉम्प्युटरचा नवा विभाग सुरू व्हायचा होता, त्याला इमारत हवी होती आणि नवी बांधायला वेळ नव्हता. वसतिगृहं तीन: मुलांचं जुनं, मुलांचं नवं आणि आमचं. त्यातलं एक रिकामं करायचं ठरलं. कुठलं, यावर समितीच्या दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीत संस्थेच्या कार्यवाहांनी तोडगा काढला: जे वसतिगृह माणशी सर्वांत जास्त वीज खातं, ते बंद. आकडाच निर्णय घेईल, म्हणजे कोणी कोणावर रुसायला नको. तिन्ही वसतिगृहांची तुलना करायचं काम सरांकडे आलं.

माझ्या रजिस्टरात चौसष्ट मुली होत्या. निफाडकडच्या, घोटीकडच्या, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या. मुलांना गावात खोल्या मिळतात. आपल्या पोरीला कॉलेज रोडवर एकटीला खोली घेऊ देणारा बाप मी तेव्हा तरी पाहिला नव्हता. वसतिगृह बंद म्हणजे निम्म्याहून जास्त मुली ट्रंका उचलून घरी, आणि घरी गेलेली परत येईल याची खात्री नाही. हे मला माहीत होतं, मुलींना माहीत होतं, आणि मला वाटतं सरांनाही माहीत होतं. पण सरांना नेमकं काय माहीत होतं, इथेच माझा घोळ आहे.

मीटरचे आकडे मी आधीच काढून ठेवले होते. बारा महिन्यांची युनिटं, स्वच्छ अक्षरात, खाली बेरीज. सरांनी कागद घेतला, बघितला आणि घडी घालून खिशात टाकला.

"हे शेवटी लागेल, बाई. आधी इमारत कोण आहे ते लिहू. इमारतीवर अन्याय नको."

"कोण म्हणजे? इमारत आहे, सर. दोन मजले, बत्तीस खोल्या."

"मुलीसाठी स्थळ आलं तर तुम्ही एवढंच सांगाल? दोन हात, दोन पाय?"

मग त्यांनी तो तक्ता काढला. वसतिगृहाचा विजेचा तक्ता म्हटल्यावर माणूस दिवे, पंखे, गिझर यांची अपेक्षा करतो. ते होतंच, पण पुढे भलतंच. पश्चिमेच्या भिंतीची लांबी किती, आणि संध्याकाळी पाच वाजता तिला गाल किती वेळ लावता येतो. खिडक्या किती, त्यातल्या उघडणाऱ्या किती, आणि उघडतात पण उघडत नाहीत अशा किती. जिन्यातला दिवा लावतं कोण आणि बंद करतं कोण. मी म्हटलं, "उघडतात पण उघडत नाहीत, हे कसं लिहू?" तर म्हणाले, "रस्त्याकडच्या खिडक्या. पोरं शिट्ट्या मारतात म्हणून तुमच्या मुली त्या उघडत नाहीत. हवा बंद, मग पंखा चालू. म्हणजे शिट्टीची वीज तुमच्या मीटरवर. तुलना करताना हे धरायला नको?"

मी गेले आणि मोजलं. अकरा निघाल्या. सरांनी खिशातून एक बेदाणा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

ही त्यांची सवय होती. निफाडकडच्या कुणा जुन्या विद्यार्थ्यानं दिलेले बेदाणे त्यांच्या खिशात कायम असायचे. मनासारखा आकडा मिळाला की एक बेदाणा. वर्गातल्या पोरांनाही तसंच. चाळिशीच्या जवळ आलेल्या बाईला बेदाण्याचं बक्षीस देतात, याचा मला आधी राग आला. नंतर मी ते मोजू लागले. त्या तीन आठवड्यांत मला एकूण सात मिळाले.

ऑक्टोबरचं ऊन होतं. दुपारी दोनला सर गच्चीवर जाऊन चपला काढायचे आणि स्लॅबवर अनवाणी चालायचे. किती पावलं चालवतं ते मोजायचं आणि लिहायचं. आमची गच्ची सात पावलांची निघाली. मुलांच्या जुन्या वसतिगृहाची चार. त्या दिवशी ते वर्गात खुर्चीवर बसून शिकवत होते असं ऐकलं. मी म्हटलं, "गळ्यात थर्मामीटर आहे ना, सर? पाय कशाला भाजून घेता?"

"थर्मामीटर स्लॅबची गोष्ट सांगतो. मुलगी तिथे कपडे वाळत घालायला जाईल की नाही, ते पायच सांगतात. गेली नाही तर कपडे खोलीत वाळणार. खोलीत वाळले की पंखा दिवसभर."

यातलं काय वेडेपणा आणि काय शहाणपणा, हे मला तेव्हा ठरवता येईना. त्यांच्या प्रत्येक विचित्र प्रश्नाला एक बरोबर उत्तर असायचं, आणि त्या बरोबर उत्तरानंतर ते आणखी विचित्र प्रश्न विचारायचे.

आमच्या मेसच्या मावशी सायखेड्याच्या. त्यांना सर म्हणजे रोजची करमणूक झाली. एका संध्याकाळी त्या पिठाचे हात तसेच घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, ते मास्तर भिंतीला गाल लावून उभे हाय. तिला ताप आलाय का?"

"मोजताहेत, मावशी."

"लय दिवस झाले मोजत्यात. माझ्या भाकरी नाय ना मोजणार?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत, हे मला नंतर आठवलं.

भाकरीवरून पिठाचं सांगायला हवं. त्या वर्षी कोठीतलं पीठ दर महिन्याला आठवडाभर आधी संपत होतं. मी चौकशी केली, तपास केला आणि कोठीच्या वहीत कारण लिहिलं: उंदीर. चार पिंजरे मागवले, कोणत्या कोपऱ्यात कोणता, त्याची यादी केली. पिंजऱ्यात काही सापडेना. मावशी म्हणायच्या, "हुशार हाय ते, बाई. पिंजऱ्यात जात नाय." माझा विश्वास बसला, कारण यादी माझी होती.

तिसऱ्या आठवड्यात सर बेचाळिसाव्या रकान्यावर आले. रकाना होता: बादल्या.

"बादल्या कशाला?"

"बाई, तुमच्याकडे वीज जळते कुठे? चाळीसचा बल्ब, खोलीला एक पंखा. खरी वीज जाते पाण्यात. मोटर पाणी गच्चीवर चढवते, गिझर ते तापवतो, मुलगी बादलीत घेते. मग वीज बादल्यांनी भागायची. डोक्यांनी का?"

"समितीनं माणशी म्हटलंय."

"समिती बादलीनं आंघोळ करत नसेल."

तिन्ही वसतिगृहांत एकाच सकाळी मोजणी करायची, असं ठरलं. मी माझ्या पद्धतीप्रमाणे आदल्या दिवशी फळ्यावर नोटीस लावली. 'उद्या सकाळी साडेसहा वाजता बादल्यांची मोजणी होईल. प्रत्येकीने आपली बादली न्हाणीघराबाहेर ओळीत ठेवावी.' आमच्याकडच्या मुली बादलीवर नेलपॉलिशनं आपली आद्याक्षरं लिहायच्या, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. सकाळी ओळ लागली. लाल, गुलाबी, मोरपंखी अक्षरं. मी एकेक बघून खूण केली. चौसष्ट मुली, चौसष्ट बादल्या. मला इतकं समाधान वाटलं की मी ती बेरीज दोनदा अधोरेखित केली.

सर साडेदहाला आले. कागद बघितला. खिशात हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला.

"नोटीस लावली होती?"

"हो. पद्धत आहे."

"बरोबर चौसष्ट?"

"रजिस्टरशी जुळतं, सर."

"म्हणून तर." ते खुर्चीत बसले. "जुळलेल्या आकड्याला घाबरायचं असतं, बाई. मोजलेला आकडा सहसा जुळत नाही."

मला राग आला. वीस वेळा माझ्याकडून काहीबाही मोजून घेतलं आणि एकदा जुळलं तर ही तऱ्हा. सरांनी दुसरा कागद काढला. मुलांच्या जुन्या वसतिगृहात मुलं एकशे बारा आणि बादल्या सत्तेचाळीस निघाल्या होत्या. त्यांनी माझ्यासमोर भागाकार केले.

"मुलांचं नवं वसतिगृह कसंही भागलं तरी वाचतं. माणशी भागलं तर तुमची इमारत तळाला, म्हणजे सर्वांत खादाड. चौसष्ट बादल्यांनी भागलं तरी तुमचीच तळाला, पण थोडक्यात. तुमच्या बादल्या सत्तरच्या पुढे गेल्या तर जुनं वसतिगृह तळाला जातं."

मी उभी राहिले. "सर, मी खोटा आकडा लिहिणार नाही. वसतिगृह गेलं तरी चालेल."

"कोण सांगतंय खोटा लिहा म्हणून? परत मोजा म्हणतोय. तक्ता शनिवारी बैठकीत जाणार. शुक्रवारपर्यंत खाडाखोड चालेल. सही मात्र तुमची." आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, "या वेळी नोटीस नको."

मला काही समजेना. चौसष्ट म्हणजे चौसष्ट. परत मोजून काय निघणार? दोन दिवस मी हा माणूस मला काय सुचवतोय याचा विचार करत राहिले. फसवायला सांगतोय, की मी फसलेय म्हणतोय? शुक्रवारी सकाळी डोकं शांत करायला मी हातचं काम घेतलं: उंदरांचे पिंजरे तपासणं. तिसरा पिंजरा कोठीत तांदळाच्या पोत्यांमागे होता. पोतं सरकवलं तर मागे बादल्या. एकात एक घातलेल्या, चार चळती, वर गोणपाट.

मी आधी मोजल्या. एकोणीस. मग अक्षरं वाचली. एकही आद्याक्षर माझ्या रजिस्टरातलं नव्हतं.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "सापडल्या का? बरं झालं. रोज सकाळी काढा, रोज ठेवा, माझ्यानं व्हत नाय आता."

"कुणाच्या आहेत या?"

"तुमच्या उंदरांच्या."

त्या माझ्याशी इतकं स्पष्ट त्याआधी कधी बोलल्या नव्हत्या. मी खाली पोत्यावर बसले. मावशी एका मुलीला घेऊन आल्या. मंजुळा तिचं नाव, सुरगाण्याकडची. पॉलिटेक्निकला प्रवेश मिळालेला, वसतिगृहात जागा न मिळालेली. तिच्या चुलत बहिणीला जागा होती, म्हणून जूनपासून तिच्याच खोलीत राहत होती. मी तिला जिन्यात पन्नास वेळा पाहिलं असेल. कुणाची तरी मैत्रीण भेटायला आली, असं प्रत्येक वेळी वाटलं होतं.

"मॅडम, मी खाटेखाली झोपते," ती म्हणाली. "कोणाची जागा नाही घेत."

"आणि जेवतेस काय?"

"ताई तिच्यातलं अर्धं देते."

"अर्धं कुठलं?" मावशी मध्येच म्हणाल्या. "मी देते की पुरतं. बाईंनी लिहिलंयच वहीत, उंदीर खातात म्हणून."

"बादल्या का लपवल्या?"

मंजुळानं मावशींकडे बघितलं. "नोटीस लागली. आम्हाला वाटलं, आम्हाला पकडायला मोजणी आहे. आम्ही दिसलो नाही तर वसतिगृह वाचेल."

म्हणजे वसतिगृह वाचावं म्हणून या पोरींनी नेमक्या त्याच बादल्या लपवल्या होत्या, ज्यांच्यामुळे ते वाचणार होतं. मी तिला ओरडणार होते, त्याऐवजी कोठीची वही उघडली. दोष कुणाचा लिहायचा? नोटीस माझी. अक्षरही माझंच.

त्या दुपारी मी टेबलाशी बसून कागदाचे दोन भाग केले. चौसष्ट लिहिलं तर वसतिगृह बंद, त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी मुली बाहेर. त्र्याऐंशी लिहिलं आणि बैठकीत कुणी विचारलं की एकोणीस जास्तीच्या कुठून आल्या, तर त्या एकोणीस घरी आणि त्यांच्यामागून मीही. याद्या करणाऱ्या बाईला हे अवघड जायला नको होतं. पण मला चौसष्ट आकडा सोडवेना. तो माझ्या सहीचा होता, रोजच्या हजेरीचा होता. जूनपासून माझ्या डोळ्यांसमोर एकोणीस मुली जिन्यानं चढल्या-उतरल्या होत्या आणि मी त्या पाहिल्या नव्हत्या, हे आता मीच लिहून द्यायचं होतं.

चार वाजता मी न्हाणीघराबाहेर गेले आणि मावशींना म्हटलं, "आणा सगळ्या." एकोणीस बादल्या कोठीतून निघाल्या. मी त्या स्वतः ओळीत लावल्या आणि पहिल्यापासून मोजल्या. मग तक्ता काढला. रकान्यात विचारलं होतं, बादल्या किती. मुली किती, हे त्या रकान्यात विचारलंच नव्हतं. मी चौसष्ट खोडून त्र्याऐंशी लिहिलं आणि शेजारी सही केली.

सर कागद न्यायला आले. आकडा बघितला. चेहऱ्यावर काही नाही. आश्चर्य नाही, आनंद नाही. एक बेदाणा टेबलावर ठेवला आणि गेले. तो सातवा.

शनिवारच्या बैठकीत तिन्ही रेक्टर होते. सरांनी तक्ता वाचायला सुरुवात केली आणि गाल, पावलं, शिट्ट्या यांत समितीला अर्धा तास असं फिरवलं की बेचाळिसावा रकाना येईपर्यंत दोघांचे डोळे मिटले होते. कार्यवाहांचे मात्र उघडे होते.

"एक मिनिट, सर. मुली चौसष्ट आणि बादल्या त्र्याऐंशी?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लागतात," ते म्हणाले.

"पण एकोणीस जास्त?"

"मुली केस धुतात."

खोलीत मी एकटी बाई. बाकी सगळे पुरुष एकदम आपापल्या कागदांकडे बघू लागले. कार्यवाहांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बरं, पुढे." बादलीमागे विजेत जुनं वसतिगृह तळाला गेलं. ठराव झाला. माणशी हा शब्द ठरावात राहिलाच नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बाहेर आल्यावर जुन्या वसतिगृहाच्या रेक्टरांनी सरांना गाठलं. भला माणूस, पण त्या दिवशी चिडलेला. "सर, आमची पोरं तीन-तीन दिवस आंघोळ करत नाहीत. दोघांत एक बादली. त्यात इमारतीचा काय दोष?"

"काही दोष नाही," सर म्हणाले.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ज्या माणसानं तीन आठवडे 'इमारतीवर अन्याय नको' म्हणून आम्हाला राबवलं, तो हे इतक्या सरळ म्हणाला की समोरच्याला पुढे भांडता आलं नाही.

दिवाळीच्या आधी जुनं वसतिगृह रिकामं झालं. मुलांच्या नव्या पत्त्यांची यादी करायला मी मदत केली. तसली कामं माझ्याकडेच यायची. पंचवटी, मेरी, गंगापूर रोड. एकशे बारा नावं, एकशे अकरा पत्ते. एका नावापुढचा पत्ता रिकामा राहिला. मी विचारलं तर रेक्टर म्हणाले, "त्याची सोय झालीय कुठेतरी." रिकामी जागा मला बघवत नाही, पण कामं खूप होती.

शेवटची ट्रंक हलली त्या दुपारी मी किल्ल्या द्यायला गेले होते. सर इमारतीच्या पश्चिमेला उभे होते. पाच वाजले नव्हते, तरी तळहात भिंतीवर. मला वाटलं मोजताहेत. जवळ गेले तर ऐकू आलं, "माफ कर." एवढंच. मग थर्मामीटर बुशशर्टच्या आत टाकून ते वळले आणि मी दिसले.

मला तेव्हा राहवलं नाही. "सर, तुम्हाला माहीत होतं. आमच्याकडच्या एकोणीस मुलींचं. म्हणून बादल्या काढल्यात."

"वीज पाण्यात जाते, बाई. म्हणून बादल्या."

"मग माफी कशाची?"

त्यांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मी काही केलं नाही. मोजलंत तुम्ही."

हे वाक्य आरोप होतं, शाबासकी होती की नुसती नोंद, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढचं थोडक्यात. मी बैठकीत जादा खाटा मागितल्या. दोन वर्षांत एकोणीसपैकी अकरा जणींना रीतसर जागा मिळाली, बाकीच्यांना मी माझ्या जबाबदारीवर ठेवलं आणि त्यांची वेगळी यादी केली. मंजुळा डिप्लोमा करून सातपूरच्या एका कारखान्यात लागली. कोठीच्या वहीतला 'उंदीर' शब्द मी खोडला नाही. मावशींनी खोडू दिला नाही.

सर निवृत्त झाल्यावर एकदा फाइली आवरताना तो तक्ता पुन्हा वाचला. सतराव्या रकान्यावर बोट थांबलं: गच्चीवर वाळत असलेले टॉवेल. पहिल्या दिवशीची तारीख, सरांचं बारीक अक्षर. एकोणऐंशी. म्हणजे पहिल्याच दुपारी, अनवाणी सात पावलं चालताना, ते त्या दोऱ्यांखालून गेले होते आणि त्यांनी मोजले होते. मग बादल्यांचा रकाना आमच्यासाठी काढला? पण वीज पाण्यात जाते हेही खरं होतं. शिवाय रकाना छापील होता, हातानं वाढवलेला नव्हता. मी फाइल बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

शेवटचं मी त्यांना भेटले ते पाच-सहा वर्षांनी. भारनियमनाचे दिवस होते, रोज दुपारी वीज जायची. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं अंधुक. गंगापूर रोडला दोन खोल्यांची जागा. मी गेले तेव्हा ते कॉटवर बसले होते आणि मांडीवर कोरा तक्ता. कॉलनीतल्या घरांची विजेची तुलना करायला घेतली होती, स्वतःच्या घरापासून सुरुवात.

"बरं झालं आलात, बाई. मला लिहिता येत नाही. मी सांगतो, तुम्ही लिहा."

मी लिहीत गेले. पश्चिमेची भिंत, खिडक्या, उघडणाऱ्या, न उघडणाऱ्या. माणसं? "एक," ते म्हणाले. मी एक लिहिलं. शेवटी आम्ही बेचाळिसाव्या रकान्याला आलो.

"हे मात्र बघून या. अंदाजानं नको."

मी उठून आत गेले. आतल्या खोलीच्या दारामागे ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर उभा होता, पहिल्या वर्षाची मुलं काखेत घेऊन फिरतात तसा. खाली चपलांचा जोड, टाच झिजलेला, सरांच्या पायाला कधीच न बसणारा. खिडकीत दोरीवर दोन टॉवेल. न्हाणीघरात दोन बादल्या, दोन्ही ओल्या.

जुन्या वसतिगृहाच्या यादीतला तो रिकामा पत्ता मला आठवला. मग बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि पेन उघडलं.

"दोन," मी म्हटलं. "माणूस एक आणि बादल्या दोन, सर."

सरांनी पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळवला.

"लागतात," ते म्हणाले.

मी दोन लिहिलं. त्यांनी हातानं चाचपत उशाजवळचा बेदाण्यांचा डबा शोधला आणि अख्खाच माझ्याकडे सरकवला.